मोडका तुकडा फेकू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तासगावच्या वाड्यात, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत आजोबांची १९५० ची मॉरिस मायनर २४ वर्षं उभी आहे. इंजिन अडकलंय, खालचा पत्रा गंजानं खाल्लाय, वायरी उंदरांनी कुरतडल्यात. एक मिस्त्री म्हणतो, इंजिन काढून मारुतीचं बसवू, १५ दिवसांत पळवतो. दुसरा म्हणतो, मुंबईला पाठवा, इथे हे काम होत नाही. घरच्यांना ती भंगारात घालायची आहे. तुम्हाला विचारायचंय की शनिवार-रविवारी घरीच ही गाडी उभी करता येईल का आणि सुरुवात कुठून करायची.

येईल. मी कुपवाड एमआयडीसीत ३० वर्षं टर्नर होतो. घरामागच्या शेडमध्ये आजवर दोन मायनर, एक लँडमास्टर आणि एक स्टँडर्ड हेराल्ड रस्त्यावर आणल्या. एकही गाडी सांगली-मिरज-कुपवाडच्या बाहेर कामाला पाठवली नाही. तेव्हा "इथे होत नाही" हे आधी डोक्यातून काढा. किर्लोस्करवाडीला १९१० साली कारखाना सुरू झाला तेव्हापासून या पट्ट्यात ओतकाम आणि लेथ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेत. जी वस्तू ओतता येते, कातता येते, ती इथे होते. फक्त कारागिरासमोर नमुना ठेवावा लागतो.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं: मोडका तुकडा फेकू नका. गंजलेला, चिरलेला, अर्धा उरलेला, कसाही असो. ७० हून जास्त वर्षांपूर्वीच्या गाडीचं ड्रॉइंग तुम्हाला कुणी देणार नाही. तो मोडका तुकडाच ड्रॉइंग असतो. पहिल्या मायनरच्या वेळी मी चिरलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून बाहेर नेणारा ओतीव भाग, भंगारवाल्याला किलोवर दिला. त्यानंतर तसाच दुसरा शोधण्यात ८ महिने गेले आणि मिळाला तोही दुसऱ्या मॉडेलचा. दुसऱ्या गाडीला तेच झालं तेव्हा मोडलेले तीन तुकडे एम-सीलनं जोडून कुपवाडच्या एका पॅटर्नवाल्याकडे, म्हणजे ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्याकडे, नेले. त्यानं सागवानी पॅटर्न केला, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना आकसतं म्हणून मीटरला साधारण १० मिलिमीटर वाढवून धरलं, जिथे लेथवर तोंड सपाट कातायचं तिथे ३ मिलिमीटर जादा ठेवलं. फाउंड्रीत त्यांचं लोखंड वितळवलेलं असतानाच आपला एक साचा ओतून घेतला. पंधरवड्यात मॅनिफोल्ड गाडीवर चढला, आजही आहे. काचेचं हँडल असो, रबराचं बीडिंग असो, दाराची कडी असो, प्रत्येकाला डबा, डब्यावर चिठ्ठी आणि चिठ्ठीवर तारीख. काढण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो. वहीत लिहून ठेवा की वॉशर कुठल्या बाजूला होता. सहा महिन्यांनी तुम्हाला काहीही आठवत नाही, हे मी अनुभवानं सांगतो.

दुसरं, गाडी एकदम खोलू नका. घरी केलेल्या गाड्या अर्धवट राहण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. उत्साहात आठवड्याभरात सगळं सुटं होतं, पडवीत ४० डबे होतात, मग लग्न, पाऊस, द्राक्षांची छाटणी, आणि गाडीचा सांगाडा तसाच राहतो. एका वेळी एकच भाग खोला, तो पूर्ण करा, परत बसवा. चाकांवर ढकलता येणारी गाडी लोक भंगारात घालत नाहीत. सुटी झालेली घालतात.

आता तुमच्याकडे नेमकं काय आहे ते बघा. मायनर १९४८ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात आली. अॅलेक इसिगोनिस यांनी तिची रचना केली, पुढे मिनीही त्यांचीच. १९५० ची गाडी म्हणजे एमएम मालिका, ९१८ सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह वरच्या हेडमध्ये नाहीत, बाजूला ब्लॉकमध्ये, इंजिनाच्या मुख्य धडात. आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सनं हीच गाडी 'बेबी हिंदुस्तान' नावानं दिली, तेव्हा तुमच्या बोनेटखालच्या पाटीवर काय कोरलंय ते पाहा. १९५२ पासून ८०३ सीसीचं ओव्हरहेड-व्हॉल्व्ह इंजिन आलं, नंतर ९४८, मग १०९८. दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी, त्यामुळे तिचे बरेचसे सुटे भाग इंग्लंडमध्ये अजूनही नव्यानं बनतात. ऑर्डर देण्याआधी मालिका नक्की करा. एमएमचे आणि नंतरच्या गाड्यांचे भाग दिसायला सारखे असले तरी अनेक ठिकाणी बसत नाहीत.

तुमच्या मिस्त्रीला कदाचित वॉटर पंप सापडला नसेल आणि "पंपच काढून नेलाय" असं तो म्हणाला असेल. मला दोघांनी असंच सांगितलं होतं. सुरुवातीच्या साइड-व्हॉल्व्ह मायनरला पंप नसतोच. गरम पाणी आपोआप वर रेडिएटरमध्ये चढतं आणि गार झालेलं खाली इंजिनात उतरतं. चुलीवरच्या पातेल्यात पाणी फिरतं तसंच. म्हणूनच रेडिएटरच्या नळ्या आणि ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा क्षारानं भरलेल्या असतील तर ही गाडी एप्रिलमध्ये सांगलीच्या विश्रामबागपर्यंतही उकळल्याशिवाय जाणार नाही. ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची गोल बुचं, म्हणजे कोअर प्लग, काढा, आतला चिखल तारेनं खरवडा, पाणी उलट्या दिशेनं सोडा.

इंजिनाआधी ब्रेक. सगळे उलटं करतात. इंजिन फटफटलं की उत्साह आवरत नाही आणि माणूस ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर काढतो. मायनरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलणारा, ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसिस लेग म्हणतात त्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत दडवलेला असतो आणि त्याचे बोल्ट काढायला सस्पेन्शनचा टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारी लांब सळई) आडवा येतो. हे काम रागानं करू नका, पूर्ण एक दिवस ठेवा. सिलिंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील तर नवीन सील घालून उपयोग नाही, चार दिवसांत गळेल. बोअर करून स्टेनलेसची स्लीव्ह ठोका आणि आतून घासून मूळ मापाला होन करा. मिरजेतला कुठलाही चांगला टर्नर हे करतो. ड्रम उघडताना आतली धूळ कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसाला घातक. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं टिपा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. धातूचे पाइप सगळे नवे, रबरी होज सगळे नवे. इथे पैसे वाचवू नका.

पाने. नट सुटत नाही, डोकं गोल होतं, अशी तक्रार करणारा माणूस बहुतेक मिलिमीटरचा पाना लावत असतो. त्या काळच्या इंग्लिश गाड्यांना विटवर्थ आणि बीएसएफ हे जुने ब्रिटिश इंची आटे आहेत. पाव इंच विटवर्थच्या पान्याचं तोंड १३.३ मिलिमीटर असतं, म्हणजे १३ चा पाना चढत नाही आणि १४ चा घसरतो. विटवर्थ आट्याचा कोन ५५ अंश, नंतरच्या युनिफाइड आट्याचा ६०. चुकीच्या आट्याचा बोल्ट जोरानं बसवला तर बसतो आणि पुढच्या वेळी आटे घेऊन बाहेर येतो. मॉरिसच्या काही इंजिनांत तर आणखी गंमत सापडते. कॉव्हेंट्रीचा इंजिनांचा कारखाना मॉरिसनं १९२३ साली हॉचकिस या फ्रेंच कंपनीकडून घेतला, यंत्रं मिलिमीटरची होती, त्यामुळे आटे मेट्रिक आणि डोकी विटवर्थ मापाची. म्हणून एकही बोल्ट अंदाजानं बदलू नका, आटे मोजायचं पिच गेज लावून बघा. पाने मात्र महाग पडत नाहीत. आपल्या भागात विहिरींवर जुनी ऑइल इंजिनं होती, त्यांना हेच आटे असायचे. गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या इंजिन-मिस्त्रीच्या लाकडी पेटीत पूर्ण संच पडलेला असतो. विचारा. माझा संच असाच कवठे महांकाळच्या एका आजोबांनी दिला. पैसे घेतले नाहीत, गाडी झाल्यावर फिरवून आणायची अट घातली. आणलं फिरवून.

अडकलेलं इंजिन. प्लग काढा, प्रत्येक भोकातून डिझेल आणि गिअर ऑइल निम्मं-निम्मं करून ओता, आठवडाभर इंजिन फिरवू नका. रोज थोडं थोडं भरत राहा. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागे-पुढे हलकेच ढकला, किंवा इंजिन फिरवायच्या हँडलनं दोन्ही दिशांना अलगद झुलवा. हँडलला पाइप घालून जोर करायचा नाही, पिस्टनच्या रिंगा तुटतात. साइड-व्हॉल्व्हमध्ये हेड काढणं सोपं असतं, कारण हेड म्हणजे नुसतं झाकण, व्हॉल्व्ह सगळे ब्लॉकमध्ये. हलत नसेल तर हेड उघडून बघा, बहुधा एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये धरलेला असतो. हललं की लगेच चालू करायची घाई नको. सम्प, म्हणजे इंजिनाखालची तेलाची थाळी, उतरवा, तळाशी डांबरासारखा गाळ असतो, तो काढा. नवीन तेल भरून प्लग न लावता हँडल मारा, तेल वर चढलेलं दिसेपर्यंत.

मारुतीच्या इंजिनाचं तुम्ही विचारलंत. माझं स्पष्ट मत आहे, बसवू नका. गाडीचा जीव जातो ही एक गोष्ट. दुसरी कायद्याची. २०२१ साली केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नवीन नोंदणीला २०,००० रुपये शुल्क, मुदत १० वर्षं, पुनर्नोंदणीला ५,०००. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, आधी नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. अशा गाडीचा धंद्यासाठी वापर चालत नाही आणि रस्त्यावर ती रॅली, प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, इंधन, दुरुस्ती अशा कारणांसाठीच काढता येते. रोज बाजारात न्यायची असेल तर हा मार्ग तुमच्या कामाचा नाही. पण इंजिन बदललंत की हा दरवाजा स्वतःच्या हातानं बंद केलात. आरसी आजोबांच्या नावावर आहे, तेव्हा आधी वारस म्हणून नाव लावून घ्या. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलायला फॉर्म ३१ असतो. हे गाडीला हात लावण्याआधी करा, कारण कागदाला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो.

पेट्रोलचा विषय आता टाळता येत नाही. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्यातलं काही आपल्याच उसाचं, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण १९५० च्या गाडीला ते माहीत नव्हतं. जुना रबरी होज फुगतो, मऊ पडतो, बुचाचं पॅकिंग सुटतं, टाकीतला जुना गंज आणि राळ सुटून कार्बोरेटरमध्ये येते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, गाडी पावसाळाभर उभी राहिली की ते पाणी वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथून गंज धरतो. उपाय साधे आहेत. इंधनाचे सगळे होज इथेनॉल सोसणारे घाला, पंपाचा डायाफ्राम आणि कार्बोरेटरची पॅकिंग बदला, पावसाळ्याआधी टाकी रिकामी करा. मायनरचा पेट्रोल पंप एसयू कंपनीचा, विजेचा. किल्ली फिरवली की टकटक वाजतो आणि कार्बोरेटरचा फ्लोट चेंबर भरला की थांबतो. थांबत नसेल तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी कोरडी आहे. वाजतच नसेल तर त्याचे पॉइंट काळे पडलेत, बारीक पॉलिश पेपर फिरवा. शिसं नसलेल्या पेट्रोलनं व्हॉल्व्ह सीट झिजते असं तुम्ही ऐकलं असेल. खरं आहे. पण ५०-६० च्या वेगानं महिन्यातून दोनदा फिरणाऱ्या गाडीला आधीच सीट बसवायची गरज नाही. टॅपेटचं, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागातलं, अंतर नोंदवत राहा, सारखं कमी व्हायला लागलं तर बघू.

विजेत एकच गोष्ट लक्षात ठेवलीत तरी पुष्कळ. या गाडीला बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. मायनस नव्हे, प्लस. आजचा बॅटरीवाला सवयीनं उलटी जोडतो. माझ्या हेराल्डच्या बाबतीत एका दुकानात हेच झालं आणि डायनॅमो चार्जिंग करेना, महिनाभर मी रेग्युलेटर खोलत बसलो. उलटी जोडली गेली असेल तर बॅटरी नीट जोडून घ्या, डायनॅमोच्या 'एफ' टोकाची वायर काढा आणि बॅटरीच्या चालू टोकाशी जोडलेली वायर त्या टोकाला दोन-तीनदा नुसती टेकवा. डायनॅमोची प्लस-मायनस दिशा परत जागेवर येते. वायरिंग नवीन करून घ्या, पण या गाड्यांची वीज-सामग्री बनवणाऱ्या लुकास कंपनीचे रंग पाळा: बॅटरीची मुख्य तपकिरी, इग्निशनची पांढरी, फ्यूजनंतरची हिरवी, साइड लाइटची लाल, हेडलाइटची निळी, अर्थ काळी. पुढच्या माणसाला पुस्तक न उघडता कळलं पाहिजे.

आता पत्रा. वेळ आणि पैसा, दोन्हींचा निम्मा हिस्सा इथे जातो असं धरून चाला. मायनरला वेगळी चॅसिस नाही, पत्राच गाडीला धरून असतो. म्हणून रंगाकडे बघू नका, खाली झोपून बघा. पुढच्या सीटखालचा आडवा सदस्य, दाराखालच्या पोकळ पेट्या, जॅक लावायच्या जागा, मागच्या स्प्रिंगपाट्यांचे आधार. स्क्रू ड्रायव्हरनं टोचा. आत गेला तर तिथे लोखंड नाही, रंग आणि पुट्टी आहे. कापायच्या आधी दारं जागेवर ठेवून आतून आडवे अँगल वेल्ड करा, नाहीतर पेटी कापली की गाडी मधोमध खचते आणि दारं पुन्हा कधीच लागत नाहीत. एका बाजूचं पूर्ण झाल्याशिवाय दुसरी बाजू कापायची नाही. आणि गाडीखाली शिरताना जॅकवर विश्वास नको, लोखंडी घोड्या हव्यात. गंजलेल्या जॅकिंग पॉइंटखाली तर नाहीच.

छोट्या भागांचा गंज मी ग्राइंडरनं काढत नाही, मूळ धातू झिजतो. प्लॅस्टिकचं पिंप, पाण्यात धुण्याचा सोडा, भाग चार्जरच्या मायनसला, भंगार लोखंडी पट्टी प्लसला. रात्रभरात गंज काळा होऊन ब्रशनं निघतो. प्लसला स्टेनलेस लावू नका, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. काम उघड्यावर करा, हायड्रोजन सुटतो.

गंजाचं बोलतोय तर २०१९ चं सांगायलाच हवं. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली त्या ऑगस्टमध्ये माझी लँडमास्टर गावभागातल्या भावाच्या घरी होती. पाणी गाडीच्या छतावर होतं. घर सोडताना गाडी कुणाच्या मनात नसते, नसावीही. पाणी उतरल्यावर नऊ दिवसांनी पोचलो तर आत स्टिअरिंगपर्यंत गाळ. मी एक गोष्ट बरोबर केली, गाळ ओला असतानाच दोन दिवस स्वच्छ पाण्यानं धूत राहिलो, प्रत्येक पेटीच्या भोकातून पाइप घालून. वाळलेला कृष्णेचा गाळ सिमेंटसारखा बसतो आणि ओल धरून आतून पत्रा खातो. एक गोष्ट चुकलो. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा डिफ्रन्शियल तिन्हींचं तेल त्याच दिवशी काढलं, पण चाकांचे बेअरिंग राहिले. सहा महिन्यांनी चारही गंजून गेले. तुमच्या घरात पाणी येत नसेल, तरी सांगलीत गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकानं हे लिहून ठेवावं. सेल्फ मारून बघू नका, आधी तेलं काढा, मग बेअरिंग, मग बाकी सगळं.

एक बारीक पण जिवावरची गोष्ट राहिली. मायनरच्या पुढच्या चाकाचा भार आट्यांच्या ट्रनियनवर, म्हणजे चाक वळवणाऱ्या आटेदार सांध्यावर, फिरतो. तिथे ग्रीस नसेल तर आटे झिजतात आणि एके दिवशी चाक आडवं पडतं. चाक उचलून, भार काढून ग्रीस भरा, दर दीड हजार किलोमीटरला. हेराल्डवाल्यांनो, तुमच्या ट्रनियनला मात्र ग्रीस नाही, ९० नंबरचं गिअर ऑइल. दोन्ही गाड्या एकाच मिस्त्रीकडे गेल्या की इथेच चूक होते.

या रविवारी एवढंच करा. हवा भरून चाकं फिरतात का बघा, ड्रम धरलेले असतील तर ब्रेक शू सैल करून गाडी उजेडात ढकला, पाटीवरचे नंबर आरसीशी ताडून फोटो काढा. मग डिकीतला वरचा फळा उचला. स्टेपनी त्याच्या खालच्या कप्प्यात असते आणि इंजिन फिरवायचं हँडल बहुतेक तिथेच सापडतं. सापडलं की कळवा, मी अडकलेल्या इंजिनासाठी तेलाचा कॅन घेऊन तासगावला येतो.